झोळीचं वजन

वजनबाई जिना चढायला लागल्या की वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला आधीच कळायचं. एक तर त्यांचा श्वास ऐकू यायचा, आणि दुसरं म्हणजे तोंडाचा पट्टा. "बांधणाऱ्यानं स्वतःच्या आईला कधी चढवलं नसेल इथं! मेल्यानं जिना केलाय की शिडी?" असं म्हणत म्हणत त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, पदरानं मान पुसायच्या आणि पहिला प्रश्न विचारायच्या तो आईला. "जेवलीस का गं?"

वजनबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. त्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. बाई बाळंत होऊन हॉस्पिटलमधून घरी आली की तिच्याकडे जायचं, तिचे टाके, ताप, रक्तदाब बघायचा, बाळाची नाळ बघायची आणि बाळाचं वजन करून लिहून ठेवायचं, ही त्यांची सव्वीस वर्षांची नोकरी. स्वतः अंगानं चांगल्या भरलेल्या, त्यामुळे हे नाव ज्यानं कुणी ठेवलं त्याच्या मनात थोडा चावटपणा होताच. त्यांनी तो मनावर घेतला नाही. "माझं वजन माझ्यापाशी, तुमच्या पोराचं दाखवा," म्हणायच्या आणि पिशवीत हात घालायच्या.

त्या पिशवीत स्प्रिंगचा टांगता काटा असे. घड्याळासारखी गोल तबकडी, वर धरायला कडी, खाली आकडा. बाळाला झोळीत घालायचं, झोळी आकड्याला अडकवायची आणि सुई दाखवेल ते लिहायचं. सरकारी झोळी जाड किंतानाची, तिच्यात घातलं की पोरं अशी किंचाळायची की शेजारी गोळा व्हायचे. वजनबाईंचा नवरा शिंपी होता. त्यानं अकरा वर्षांपूर्वी जुन्या मऊ सुती कापडाची एक झोळी शिवून दिली. मग दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ती झोळी काट्याला टांगली, सुई बरोबर शून्यावर येईपर्यंत बाजूचा स्क्रू फिरवला, आणि स्क्रू पुन्हा हलू नये म्हणून नवऱ्यानं त्याच्यावर लाखेचा एक ठिपका सोडला. "झालं," तो म्हणाला, "आता पुन्हा बघायला नको."

आणि वजनबाईंनी खरंच पुन्हा बघितलं नाही.

नियम तसा नव्हता. रोज सकाळी रिकामी झोळी लावून सुई शून्यावर आहे का बघायचं, आणि रजिस्टरात 'शून्य पाहिले' या रकान्यात सही करायची. नव्या नर्सपोरींना वजनबाई हे घसा फोडून शिकवत. स्वतः मात्र केंद्रात शिरताना, चहा घेता घेता, सही ठोकून मोकळ्या होत. अकरा वर्षांच्या सह्या, एकही चुकलेली नाही! नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, पण लाखेचा ठिपका शाबूत होता आणि त्याच्या कामावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

शिवाय त्यांची कामाची एक रीत होती. थंडगार झोळी आकड्याला लोंबकळत ठेवून तिच्यात बाळ कोंबायचं, हे त्यांना पटत नसे. त्या झोळी आधी आपल्या शालीखाली ऊब धरायला ठेवत, मग आईच्या मांडीवरच बाळाला तिच्यात गुंडाळत, आणि मग अलगद आकड्याला लावत. उतरवतानाही बाळासकट. पोरं रडत नसत आणि आया खूश असत. पण यामुळे झालं काय, तर रिकामी झोळी आकड्याला लागायची वेळच कधी आली नाही.

त्या वर्षी थंडीच्या ऐन कडाक्यात झोळीची शिवण उसवली. वजनबाईंनी रविवारी सकाळी नवऱ्याचं कापूस भरलेलं जुनं जाकीट काढलं, त्याचं अस्तर उसवलं आणि नवी झोळी शिवली. दुहेरी, गुबगुबीत, आणि बंदांना चांगल्या पितळी कड्या, म्हणजे पुन्हा फाटायची भीती नको. शिवून झाल्यावर गालाला लावून बघितली. जाकिटाला अजून त्याचा वास होता. त्यांना जरा रडू आलं, मग बरं वाटलं.

ही नवी झोळी जुनीपेक्षा दोनशे ग्रॅमनं जड होती. सगळं इथेच बिघडलं, तेव्हा आत्ताच सांगून टाकलेलं बरं. दोनशे ग्रॅम म्हणजे मोठ्या माणसाला काहीच नाही हो, दोन मोसंबी वजनाला घेताना आपण मागेपुढे बघत नाही. आठवड्याच्या बाळाला मात्र तेवढंच पुष्कळ असतं. सोमवारपासून वजनबाई ज्या घरात गेल्या, तिथलं बाळ कागदावर दोनशे ग्रॅमनं बाळसेदार झालं. आणि त्या घरोघर म्हणत सुटल्या, "बघा, नवी झोळी कशी लाभली!"

त्या बाळांमध्ये एक खिळेवालीचं होतं.

खिळेवाली म्हणजे लोखंडी सामानाच्या दुकानात पुड्या भरणारी. मागच्या अंधाऱ्या खोलीत आठ वर्षं बसून खिळे, स्क्रू, बिजागऱ्या मोजायच्या आणि पाव किलोच्या, किलोच्या पुड्या बांधायच्या. बावीस-तेवीस वर्षांची, बारीक अंगाची, बोलायला कमी. पहिलं बाळंतपण. बाळ जन्माला आलं तेव्हा दोन किलो सहाशे होतं, मुलगी. पाचव्या दिवशी वजनबाई गेल्या तेव्हा झोळी अजून जुनीच होती आणि सुईनं दोन किलो चारशे दाखवलं. "उतरतं पहिल्यांदा. दहा-बारा दिवसांत भरून निघतं. पाजत राहा," त्यांनी सांगितलं आणि ते बरोबरच होतं.

नवव्या दिवशी, बुधवारी, त्या नवी झोळी घेऊन आल्या. सुई थांबली दोन किलो साडेचारशेवर.

"पन्नास ग्रॅम वाढलं! काय गं, तोंड का असं पाडून बसलीस?"

खिळेवालीनं बाळाला परत मांडीवर घेतलं, थोडं वर उचललं, खाली घेतलं. "बाई, हिचं वजन कमी झालंय."

"काटा काय सांगतोय?"

"काटा सांगू दे. माझ्या हाताला हलकी लागतेय. परवापेक्षा आज हलकी."

वजनबाईंना हसू आलं. वाईट हेतूनं नाही, पण आलं. "अगं, नवीन आईला सगळंच हलकं लागतं. बाळ म्हणजे काय पुडी आहे, हातावर तोलायला?"

"मी डोळे मिटून पाव किलो खिळे काढते बाई. मालक काट्यावर घालतो. चार-पाच खिळ्यांच्या वर फरक येत नाही."

"बरं बरं. किती झोपते?"

"सारखीच. पाजायला घेतलं की दोन घोट ओढते आणि झोपते. उठवावं लागतं."

"नशीबवान आहेस. बाकीच्या आया रात्र रात्र येरझाऱ्या घालतात. शी-शू?"

"शू दिवसातून दोनदा. कधी एकदाच."

आता ऐका. हेच जर काट्यानं वजन उतरलेलं दाखवलं असतं, तर वजनबाईंनी पिशवी तिथेच टाकली असती आणि बाळाला घेऊन जिना उतरल्या असत्या. सारखं झोपणारं बाळ, दोनदा शू, दोन घोट दूध, यांतली एकेक गोष्ट ऐकून एरवी त्यांचे कान टवकारले असते. पण सुई बोलली होती ना! मग प्रत्येक खुणेला त्यांनी पट्टकन कारण शोधून काढलं. थंडीत शू कमीच होते. मुली शांतच असतात. डोळ्यांत पिवळेपणा वाटतो तो या खोलीतल्या बल्बचा.

खिळेवालीची सासू दारात उभी होती. तिला सुनेच्या किरकिरीचा आधीच कंटाळा आला होता. "सव्वीस वर्षं झाली बाईंना. तू दुकानात खिळे मोजतेस म्हणून त्यांना शिकवणार का आता?"

"असू द्या हो सासूबाई, काळजी असते," असं म्हणून वजनबाईंनी पोरीच्या पाठीवर थोपटलं. 'शून्य पाहिले'खाली सही होतीच, शेजारी आकडा लिहिला आणि त्या खाली उतरल्या. त्यांनी बाळ पिताना एकदाही बघितलं नाही. बघायला पाच मिनिटं लागली असती.

शुक्रवारी सकाळी केंद्रात गर्दी होती. बाकांवर गरोदर बाया, कडेवर पोरं, कुणाचं टोचून घेणं, कुणाचा रक्तदाब. त्यात खिळेवाली आली. अकरा दिवसांची बाळंतीण, टाके ओले, एका हातानं भिंत धरत आली होती. दुसऱ्या हातात बाळ आणि खांद्याला पिशवी. नंबर लावला नाही. सरळ वजनबाईंच्या टेबलाशी आली आणि पिशवीतून कागदाची एक घट्ट बांधलेली पुडी काढून टेबलावर ठेवली. ती ठेवताना चांगला आवाज झाला.

"बाई, आधी हे वजन करा."

"हे काय?"

"एक किलो खिळे. नवऱ्याला पाठवून दुकानातून मागवले. बाळंतपणाआधी मी स्वतः भरलेली पुडी आहे, मालकाच्या मापावर दोनदा बघितलेली."

बाकांवरच्या बाया माना वळवून बघायला लागल्या. वजनबाईंच्या नाकाचा शेंडा लाल झाला. सव्वीस वर्षांत त्यांच्या काट्याची कुणी अशी चारचौघांत परीक्षा घेतली नव्हती. "अगं, मला कामं आहेत. तुझ्या दुकानातली..."

"ठेवा बाई." ती ओरडली नाही. तिनं पुडी पुढे सारली. "एकदा ठेवा. मग मी काही बोलणार नाही."

तिचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून, खरंच तेवढ्याचसाठी, वजनबाईंनी पुडी झोळीत घातली आणि झोळी आकड्याला लावली. सुई एक किलोवरून पुढे गेली आणि एक किलो दोनशेवर थांबली.

"जास्त भरली असशील."

"नाही भरली."

वजनबाईंनी पुडी काढली. मग त्यांनी ती गोष्ट केली जी अकरा वर्षांत केली नव्हती. रिकामी झोळी आकड्याला अडकवली आणि काटा डोळ्यांसमोर धरला. गुबगुबीत अस्तर, पितळी कड्या, आत काही नाही. सुई दोनशेवर होती.

त्यांनी बाळाला घेतलं, टेबलावर ठेवलं, दुपटी सोडली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली. जीभ कोरडी. टाळू आत गेलेली. खिडकीच्या उजेडात डोळे हळदीसारखे पिवळे, आणि इथे कुठला बल्ब नव्हता. बाळ रडलं नाही. झोळीत घातलं तेव्हा सुई दोन किलो तीनशेवर गेली. दोनशे वजा. दोन किलो शंभर.

जन्माला दोन किलो सहाशे होतं. पोरीचा पाचवा हिस्सा अकरा दिवसांत आटून गेला होता, आणि त्यातल्या शेवटच्या दोन दिवसांना वजनबाईंची सही होती.

"गाडी बोलवा!" त्या अशा ओरडल्या की बाहेरचा पहारेकरी धावत आत आला.

गाडीत खिळेवालीनं बाळ कुणाच्या हातात दिलं नाही. वजनबाई समोर बसल्या होत्या. आईचं काढून घेतलेलं दूध चमच्यानं थेंब थेंब बाळाच्या ओठांना लावत होत्या, हात पुसत होत्या, पुन्हा लावत होत्या. त्यांना बोलायचं होतं. खिळेवाली त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती बाळाच्या छातीकडे बघत होती, हलतेय का म्हणून.

मोठ्या हॉस्पिटलातली लहान मुलांची डॉक्टर तरुण होती आणि घाईत होती. "आधीचं वजन कधी केलं होतं?"

"परवा," वजनबाई म्हणाल्या.

"काय सांगितलं होतं?"

"वाढलंय."

"कुणी सांगितलं?"

"मी."

डॉक्टरनं मान वर करून एकदा बघितलं, आणि पुन्हा कामाला लागली. बाळाच्या अंगातलं पाणी आटून रक्तातलं मीठ वाढलं होतं. भराभर पाणी भरलं तरी मेंदूला धोका, म्हणून मोजून मोजून, हळूहळू द्यायचं होतं. कावीळ चढलेली, तिच्यासाठी निळ्या दिव्याखाली ठेवायचं होतं. "वाचेल असं वाटतंय," संध्याकाळी ती म्हणाली. "पण एवढ्या काविळीनं ऐकण्यावर काही परिणाम झालाय का, ते आत्ता नाही सांगता येणार. दोनेक महिन्यांनी मशीनवर तपासू." दुसऱ्या दिवशी तिथल्या नर्सनं खिळेवालीला बाळ छातीशी लावायला सांगितलं, वाकून बघितलं आणि लगेच म्हणाली, "अगं, ही नुसती टोकाला लागतेय. तोंड मोठं उघडू दे, जवळ घे. असं." एवढंच होतं ते. पाच मिनिटं.

केंद्रातल्या मोठ्या सिस्टर वाईट बाई नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि वजनबाईंना पाणी दिलं. सोमवारपासून नव्या झोळीत चौदा बाळं तोलली गेली होती. "हे बघा, दोनशे वजा करून आकडे नीट करा. 'जादा तपासणी' म्हणून फिरून या आणि वजनं पुन्हा घ्या. कारण कशाला सांगत बसायचं? लोकांचा विश्वास उडेल, मग कुणी दार उघडणार नाही."

खरं सांगायचं तर वजनबाईंना ते क्षणभर पटलं. नोकरीची चारच वर्षं राहिली होती. या गल्ल्यांत त्यांना मान होता आणि तो मान हीच त्यांची सारी कमाई. मग त्या म्हणाल्या, "माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून तर तिचे दोन दिवस गेले, सिस्टर."

त्या बाकीच्या तेराही घरी गेल्या. प्रत्येक दारात आधी रिकामी झोळी टांगली, दाखवली आणि म्हणाल्या, "परवा मी चुकीचं वजन सांगितलं. काटा मी तपासला नव्हता." एका बापानं जिन्यावरूनच हाकललं. एका आजीबाईंनी "चालायचंच हो, माणूस आहे," असं म्हणून पाठीवरून हात फिरवला, आणि ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. अकरा बाळं ठीक होती. दोघांना हॉस्पिटलात पाठवावं लागलं, पण ती वेळेत पोचली. ताकीदपत्र आलं, ते त्यांनी घडी करून काट्याच्याच पिशवीत ठेवलं. स्क्रूवरचा लाखेचा ठिपका स्वतःच्या हातानं खरवडून काढला आणि नव्या झोळीसकट सुई शून्यावर आणली. ते करताना त्यांना नवऱ्याचा राग आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. त्या बिचाऱ्यानं आपलं काम चोख केलं होतं.

खिळेवालीच्या घरी जायला मात्र त्यांचा पाय उचलेना. बाळ नऊ दिवसांनी घरी आलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत आणखी दहा दिवस गेले. शेवटी एका दुपारी त्या जिना चढल्या. या वेळी जिन्याला शिव्या दिल्या नाहीत.

दार सासूनं उघडलं. "आलात? आता काय राहिलंय बघायचं?" ती बोलायला लागली ती थांबेना. वजनबाई ऐकत उभ्या राहिल्या. त्या दिवशी सुनेला गप्प बसवणारी हीच बाई होती, पण ते त्यांनी काढलं नाही. ते काढायचा त्यांना काय हक्क होता?

"येऊ द्या त्यांना आत," आतून आवाज आला.

खिळेवाली खिडकीपाशी बसली होती. बाळ मांडीवर, गाल भरलेले, जागं. वजनबाई जमिनीवर बसल्या. "चुकलं माझं, पोरी. तू सांगत होतीस आणि मी हसले." रडायचं नाही असं ठरवून आल्या होत्या, तेवढं जमलं.

खिळेवालीनं ऐकून घेतलं. 'असू दे' म्हणाली नाही. बाळ उचलून त्यांच्या हातांत दिलं. "सांगा, किती?"

वजनबाईंनी बाळ दोन्ही हातांवर घेतलं, वर-खाली करून पाहिलं. हजारो बाळं या हातांतून गेली होती आणि दर वेळी त्यांनी फक्त सुईकडे पाहिलं होतं. "मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

"तीन किलोला थोडं कमी."

रिकामी झोळी टांगली, शून्य दोघींनी पाहिलं, मग बाळ घातलं. सुई दोन किलो साडेनऊशेवर थांबली. वजनबाईंनी तो आकडा लिहिला.

मग खिळेवालीनं फळीवरून ती पुडी काढली, एक किलोची. एक टोक सैल केलं होतं. बाळाच्या उजव्या कानामागे धरून तिनं ती एकदा जोरात हलवली. खिळे खळकन वाजले. बाळ छताकडे बघत होतं.

"रोज करते," ती म्हणाली. "कधी वाटतं दचकली. कधी वाटतं माझा हात दिसला म्हणून दचकली. एकटीला कळत नाही. तुम्ही समोर बसा. डोळ्यांकडे बघा."

वजनबाई सरकून समोर बसल्या. पुडी वाजली.

"पापणी हलली का?"

हलली गं, म्हणायचं होतं. सव्वीस वर्षं त्या दारादारांत हेच म्हणत आल्या होत्या, छान आहे गं, वाढतंय गं, आणि समोरचा चेहरा खुलला की त्यांचेही पाय दुखायचे थांबत. हा चेहराही खुलला असता. फक्त एका शब्दाचं काम होतं.

"मला दिसली नाही," वजनबाई म्हणाल्या.

खिळेवालीनं मान हलवली. पुडी दुसऱ्या हातात घेतली, बाळाच्या डाव्या कानामागे धरली आणि म्हणाली, "आता या बाजूनं बघा."